खांद्यावरचा हात

विमानात माणसं दोनच. पुढे नायक आणि मागे आपला हा. म्हणून सेटवर सगळे त्याला 'मागचा' म्हणत. आयुष्यभर मालिकांमधून कुणाचा तरी मेहुणा नाहीतर कुणाचं तरी प्रेत होऊन झालं होतं, त्या मानाने ही बढतीच होती.

मालिका ऐतिहासिक होती. विमानं नुकतीच उडायला लागलेली असताना दोन मित्र महासागर ओलांडतात, अशी गोष्ट. महासागर म्हणजे एक लांबलचक निळं कापड, ते चौघं जण टोकं धरून हलवायचे. वादळ म्हणजे पंखा. विमान प्लायवूडचं, जागचं हलत नसे, तरी नायकाला त्यात मळमळायचं. पहिल्याच दिवशी त्या विमानाच्या दारात मागच्याचा अंगठा चेंगरला आणि नख काळंनिळं झालं.

पलीकडच्या किनाऱ्यावर उतरण्याचा प्रसंग सगळ्यात आधी शूट झाला, कारण किनारा तेव्हाच मिळत होता. या धंद्यात शेवट आधी उरकतात आणि सुरुवातीचं नंतर बघतात. दोघं उतरतात, मागचा नायकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि कॅमेरा थेट मागच्याच्या चेहऱ्यावर जातो. गॉगल कपाळावर, डोळ्यांत पाणी. त्याचा जन्मातला पहिला क्लोजअप. त्याने घरी येऊन सांगितलं, आणि तिथेच चुकला, कारण घरात सासरे होते.

सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. मुलीकडेच राहत. "जावई काय करतात?" असं शेजाऱ्यांनी विचारलं, की ते सांगत, "असतात घरीच." हे वाक्य मागच्याला वर्षानुवर्षं कुसळासारखं टोचत होतं. आता एकदा तो चेहरा त्यांना पडदाभर दिसला, की झालं.

शूटिंग निम्म्यावर आल्यावर नायकाला साक्षात्कार झाला. "इतिहासात असतील दोघं," तो दिग्दर्शकाला म्हणाला, "पण लोक मला बघतात. मी एकटाच पोचतो." दिग्दर्शकाचा कणा त्या निळ्या कापडाइतकाच ताठ होता. लेखकाने मान डोलावत मागच्याला भर समुद्रात पाडलं. इंजिनावरचा बर्फ खरवडताना तो घसरतो आणि गादीवर, म्हणजे लाटांमध्ये, दिसेनासा होतो.

मागच्याने आपल्या क्लोजअपवर पाणी सोडलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की किनारा तर शूट होऊन गेलाय. आधी काय शूट झालंय याची आठवण करून देणारी बाई सेटवर होती, पण तिला काढून त्या जागी नायकाचा मावसभाऊ बसवला होता, आणि त्याचं सगळं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे असे. बोललो, तर शेवट पुन्हा शूट करतील. मागचा मूग गिळून बसला.

तो बुडाला त्या दिवशी सगळं घर टीव्हीसमोर होतं.

"गेले वाटतं," सासरे म्हणाले.

"उद्या बघा."

"गेल्यावर काय बघायचं?"

"उद्या बघा, बाबा."

दुसऱ्या दिवशी विमान किनाऱ्याला लागलं. नायक उतरला. एकटाच. अखेरच्या घटकेला कुणालातरी जाग आली होती आणि मागच्याला कॉम्प्युटरवर डोक्यापासून पायापर्यंत पुसून टाकलं होतं. क्लोजअपच्या जागी एक पक्षी उडत गेला. फक्त हात राहिला. तो पुसायचा, तर नायकाचा खांदाही थोडा जात होता, आणि ते धाडस कोण करणार? नायकाच्या खांद्यावर मनगटापासून तुटलेला हात, आणि पलीकडे मोकळं आकाश.

"अरे," बायको हळूच म्हणाली, "हे तर तुझं नख."

मागच्याला रडावंसं वाटलं. पण बाहेर लोक त्याच्याआधी रडत होते. मेलेल्या मित्राचा अदृश्य आधार, असं पेपरांनी लिहिलं. नायकाने मुलाखतीत डोळे पुसत सांगितलं, की ती कल्पना त्याचीच. इकडे सासरे दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "तो हात आमच्या जावईबापूंचा." शेजारी हात बघायला यायचे. वर कुणी बघत नसे. मागच्याला स्वतःच्याच हाताचा मनापासून राग येऊ लागला.

नख बरं होऊन गुलाबी दिसू लागलं, तेव्हा कंपनीचा फोन आला. मालिकेचा पुढचा भाग काढायचा होता.

"मी परत येतो?" त्याने विचारलं.

"हात येतो. आणि नख काळंच हवं, लोक त्यावरूनच ओळखतात. रंगवलेलं चालणार नाही, आपल्याला खरेपणा लागतो."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. समोर सासरे उभे होते, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा ते त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. तो "येतो" म्हणाला आणि फोन ठेवून त्याने काय ते सांगितलं.

सासऱ्यांनी मान डोलावली. सावकाश जाऊन त्यांनी दार सताड उघडलं, कडी धरली आणि अगदी आदराने म्हणाले, "आणा तो अंगठा, जावईबापू. दार मी लोटतो."