चौदाव्या हापशाला पाणी

मित्रांनो, माझा दांडा अकरा वेळा खाली दाबला की पाण्याची पहिली धार येते. गेल्या वर्षी सातव्या हापशाला येत असे. हा फरक वस्तीत फक्त कुसुमच्या लक्षात आला आहे.

मी एक जुनी हापशी आहे. रामाकोन्याजवळच्या एका वस्तीत, संत्र्याच्या बागेच्या कडेला, तीस वर्षांपूर्वी मला बसवलं. माझे पाइप एकशे साठ फूट खोल जातात. पहिल्या धारेला बायांनी नारळ फोडला होता.

पुढे मी बिघडले. माझ्यासाठी नवे पाइप आले, ते सरपंच रघुनाथरावांनी आपल्या बागेत नेले. त्या उन्हाळ्यात नाल्यावरून पाणी आणताना कुसुमची लेक पूनम घसरली. तिचा उजवा हात अजून सरळ होत नाही. शेवटी बायांनी पंचायतीसमोर रिकाम्या गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग मांडली, तेव्हा कुठे रघुनाथरावांनी खाली मान घालून पाइप परत आणले.

आता निवडणुकीत त्यांच्यासमोर प्रफुल्ल उभा आहे. तो गोड बोलतो, घरोघरी थंड पाण्याचे कॅन पाठवतो. निवडून आला की माझ्या शेजारची जागा तो बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला देणार आहे. तिथे सहाशे फुटांच्या तीन बोअर होतील. खोदाईची गाडी आत्ताच येऊन उभी आहे. तिच्या लोखंडी नळ्या दिवसभर तापतात आणि संध्याकाळी निवताना टकटक वाजतात. पलीकडच्या गावातली हापशी अशाच बोअरनंतर वर्षभरात मुकी झाली.

प्रफुल्ल बायांना माझ्या पाण्यात हात बुडवून मताची शपथ घ्यायला सांगतो. बाया कुसुमकडे पाहतात.

"काकी, साऱ्या तुमच्यासाठीच थांबून राहिल्या. घ्या न शपथ!" प्रफुल्ल म्हणतो.

"उद्या पाहू, बाप्पा."

असे नऊ दिवस गेले.

आज मतदान आहे. सकाळीच माझ्यापुढे गुंडांची रांग लागली. पूनम डाव्या हाताने बादली धरून उभी होती.

"आता त सांग व कुसुम," रांगेतली विजया म्हणाली. "पाइपवाल्याले देतं का कॅनवाल्याले? दोघंही नगच हायेत!"

कुसुम हापसू लागली. अकरा झाले. बारा. तेरा. चौदाव्याला पाणी आलं.

मित्रांनो, मला मत नाही. माझ्या दांड्याला तेल द्या, पण त्याआधी माझ्याखालचं पाणी राखा. ते गेलं तर माझी दुरुस्ती कोणालाच करता येणार नाही.

कुसुमने पूनमच्या वाकड्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग दांडा सोडला.

"रघुनाथरावाले देतो मी. मन नाई होत, तरी देतो. त्यानं पाइप नेले, त आपण गुंड मांडून वापस आणले. हा कॅनवाला त पाणीच नेईन, मंग कोणापुढं गुंड मांडाव व?"