दार, खिडकी, जिना

कॉलेजच्या मुलींचा हॉकी संघ हरला, की मैदानासमोरच्या दुकानातले चष्मेवाले काका गिऱ्हाइकांशी फटकून वागत. म्हणून पूर्वी लोक डोळे तपासायला जाण्याआधी निकाल विचारून जात. निकाल नेहमी एकच असल्यामुळे पुढे पुढे विचारणं बंद पडलं.

"बचाव म्हणे बचाव," काका समोरच्याच्या नाकावर फ्रेम दाबत म्हणत. "चाळणीतसुद्धा काहीतरी अडकतं हो."

या संघात त्यांच्या लेखी निर्दोष अशी एकच मुलगी होती, ती म्हणजे गोलकीपर बबडी. ती काकांची पुतणी. शिकायला म्हणून आली आणि त्यांच्याच घरी राहिली. सगळे गोल तिच्या अंगावरून, बगलेतून किंवा पायांमधून जात. पण त्यातला एकही तिच्यामुळे होत नसे, असं काकांचं मत होतं.

"तुमची पुतणी तेवढी सोन्याची," काकू म्हणायच्या, "बाकीच्या दहाजणी पितळेच्या."

दुकानात काकांचा आवाज मऊ असे. "हे बरं दिसतंय की हे?" असं ते इतक्या हळू विचारत की म्हातारी माणसं डोळे सोडून कान तपासून घ्यावेत का, या विचारात पडत. मैदानावर मात्र त्याच गळ्यातून कर्णा वाजे. त्यातही संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, की काका बाकावर उभेच राहत.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे फुकटात मिळालेली संधी. गोलरेषेवरून एकीने चेंडू ढकलायचा, वर्तुळाच्या कडेला दुसरीने अडवायचा आणि कॅप्टनने हाणायचा. कसा हाणायचा, ते कॅप्टन पाठीमागे बोटांनी खुणावी आणि त्या खुणांना कोचबाईंनी नावं दिली होती. दार म्हणजे सरळ गोलात. खिडकी म्हणजे डावीकडच्या मुलीला. जिना म्हणजे चेंडू उचलून वर. काकांनी रोजचा सराव दुकानातून बघून ही घराची घडण तोंडपाठ केली होती. त्यामुळे बोटं हलली, की ते मुलींना धीर द्यायला गरजत, "खिडकी, पोरींनो, खिडकी!"

आणि गोल काही होत नसे. काका कपाळाला हात लावत. एवढं सांगूनही जमत नाही म्हणजे काय?

हंगामाचा शेवटचा सामना उद्यावर आला होता. बबडीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष, त्यामुळे तिचाही तो शेवटचाच. त्या दिवशी दुपारी एक तगडा गृहस्थ दुकानात शिरला. उद्याच्या पाहुण्या संघाचा तो कोच होता.

"मैदान बघायला आलो होतो," तो म्हणाला. "वाकलो की चष्मा गवतात. काडी सैल झालीये बहुतेक."

काकांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. शत्रूचा असला तरी चष्मा तो चष्मा.

"तुम्ही दरवेळी जिंकता कसे हो?" स्क्रू पिळता पिळता त्यांनी विचारलं.

कोच दिलखुलास होता, आणि चष्म्यावाचून त्याला समोरचा माणूस धूसर दिसत होता. "खरं सांगू? इथल्या पोरी वाईट नाहीत. ती कॅप्टन तर काय फटका मारते. पण यांचा एक भक्त आहे. देव त्याला उदंड आयुष्य देवो. कॉर्नर मिळाला की चेंडू कुठे जाणार ते तो आधीच ओरडून सांगतो. आमच्या पोरी तिकडे पळतात, झालं. सगळ्याच संघांना ठाऊक आहे. आम्ही त्याला आमचा बारावा खेळाडू म्हणतो."

काकांच्या हातून स्क्रू निसटला. तो असा काही बारीक, की दोघांनाही टेबलाखाली शिरून शोधावा लागला.

"तो मीच," टेबलाखाली काका म्हणाले.

वर एक धप्प आवाज झाला. कोचचं डोकं आपटलं होतं.

"काका, माफ करा. मी काही बोललोच नाही असं समजा."

"हा बघा, सापडला स्क्रू," काका म्हणाले. त्यांनी काडी बसवली आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. "कानामागे टोचत नाही ना?"

संध्याकाळी काकांनी ताट तसंच सरकवलं. बबडी जमिनीवर बसून पायाच्या पॅडचा तुटलेला पट्टा शिवत होती.

"मी उद्या येत नाहीये," काका म्हणाले. मग म्हणाले, "तुला माहीत होतं?"

बबडीने सुई थांबवली. कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही.

"सगळ्यांनाच माहीत होतं. बाईंनी शब्द बदलून पाहिले, काका. आधी फळं होती, मग रंग आले. तू आठवड्याच्या आत पाठ करायचास."

"मला त्याचा अभिमान वाटायचा."

"हो, दिसायचं ते."

"मग सांगायचं नाही एका शब्दाने?"

"सांगायचं होतं. बैठक झाली तशी. कोण सांगणार, म्हणून बाईंनी विचारलं. तर कॅप्टन म्हणाली, मी नाही. तिच्या घरचं कधी कुणी बघायला येत नाही ना. तू तिला वाघीण म्हणतोस. फटका हुकला तरी म्हणतोस. मग कुणीच हात वर केला नाही."

काकांनी पॅडचा दुसरा पट्टा ओढून पाहिला. "माझ्यापायी हरत राहिलात?"

"छे रे. हरायला आम्हाला तुझी एवढी मदत लागत नाही. समोरच्यांचे गोल आम्ही आमचे आम्ही खातो."

"त्यात काय एवढं," काकू आतून म्हणाल्या. "उलटं ओरडा. खिडकी असली की दार म्हणायचं."

"मी?" काका दुखावले. "मला एक दिसतंय आणि मी दुसरंच सांगू? जन्मभर तसलं केलं नाही."

"मग तोंडात रुमाल कोंबा आणि बसा."

"तू ये फक्त," बबडी म्हणाली. "तू नसलास तर बघायला माळी आणि त्याचा कुत्रा. कुत्रा मध्येच उठून जातो."

दुसऱ्या दिवशी काका गेले. रुमाल खरंच तोंडात होता. संघ हरत होता, काकांचा चेहरा वांग्यासारखा होत होता आणि काकू शेजारी बसून त्यांची पाठ चोळत होत्या. समोरच्यांचे चार गोल झाले. कर्णा नाही म्हणून की काय, मुलीही शोकसभेला आल्यासारख्या खेळत होत्या.

मग उशिरा एक कॉर्नर मिळाला. कॅप्टन जागेवर आली. पाठीमागे दोन बोटं हलली. पण तिने मान वळवून बाकांकडे पाहिलं. तिचं बघून बाकीच्यांनी पाहिलं. माळ्यानेही पाहिलं.

काकूंनी रुमाल ओढून काढला. "ओरडा हो. काहीतरी फुटेल आत."

काका बाकावर उभे राहिले. "खिडकी, पोरींनो, खिडकी! वाघिणी, मार!"

समोरच्या सगळ्या मुली एकजात दाराकडे धावल्या. खिडकी सताड उघडी राहिली. चेंडू डावीकडे गेला आणि तिथून गोलाच्या आतल्या फळीवर ठक्क वाजला. या टोकाला हा आवाज संघाच्या ओळखीचा नव्हता. आनंद कसा करायचा याची कुणालाच सवय नसल्यामुळे दोघी-तिघींनी एकमेकींशी हस्तांदोलन केलं. कॅप्टन तेवढी सरळ बाकांकडे धावत आली आणि काकांसमोर नुसतीच उभी राहिली. काका बाकावरून उतरले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सामना मुली अर्थातच हरल्या. पाहुणा कोच चष्मा सावरत आला. "मीच फसलो, काका. पोरींना बजावलं होतं, म्हातारबुवांना सगळं कळलंय, आज ते उलटं ओरडणार."

"असं वाटलं तुम्हाला?" काकूंनीच उत्तर दिलं. "यांची ओळख नाही तुम्हाला अजून."

घरी जाताना बबडी पॅडची भली मोठी पिशवी घेऊन काकांच्या बाजूने चालत होती. केस घामाने चिकटलेले, हनुवटीला माती.

"मला काहीच दिसलं नाही रे," ती म्हणाली. "मी त्या टोकाला. नुसत्या पाठी दिसल्या आणि तुझा आवाज आला. सांग ना कसा झाला गोल. सगळं सांग, काही गाळू नकोस."

काकांनी तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. दिवसभर कोंडलेला गळा त्या एका आरोळीत बसला होता. त्यांनी घसा खाकरला आणि दुकानात बोलावं तसं अगदी हळू सुरू केलं, "आधी तिने मागे दोन बोटं दाखवली..."

बबडीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि कान त्यांच्या जवळ आणला.