पाणी पिऊन निघ

माणूस जगात कुठेही राहो, जन्मगावात तो कधीच उपरा ठरत नाही, असं आपल्याकडे फार गंभीरपणे मानलं जातं. ज्यांना हे पटतं त्यांनी एकदा स्वतःचा निरोप समारंभ करून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच सोसायटीत दूध आणायला खाली उतरावं.

निमिषने हे केलं. अर्थात मुद्दाम नाही.

तो अकरा वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस गावी होता. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायचा. बायको अनुया आणि सहा वर्षांची इरा तिकडेच. जुना व्हिसा संपत आला म्हणून तो डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी पिंपळे गुरवला आईकडे आला. अमेरिकेत राहायचा शिक्का अमेरिकेत मिळत नाही, त्यासाठी अमेरिकेबाहेर यावं लागतं, हे त्याने सोसायटीत ज्यांना ज्यांना समजावलं, त्यांनी शेवटी त्याच्याच खांद्यावर धीराचा हात ठेवला. अनुया आणि इरा आल्या नाहीत. अडकलो तर एकच जण अडकू, असा दोघांनी विचार केला होता. लग्नानंतर त्यांनी केलेला एवढा अचूक विचार हा एकच.

मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीत समोरची बाई हसली, ‘मंजूर’ म्हणाली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. आठवड्याने, सोमवारी, तो मुंबईतच घ्यायचा आणि रात्रीचं विमान पकडायचं, असं ठरलं. ही बातमी सोसायटीचे सेक्रेटरी दत्तोबा यांच्या कानावर गेली. दत्तोबा मूळचे गावचे. सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे सेक्रेटरीपदाची निवडणूक कधी झाली नाही. त्यांना रविवार मोकळा होता. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. शाल, नारळ, भाषण.

“आपला निमिष परदेशात ऱ्हातो, ही समद्यांसाठी अभिमानाची गोष्ट हाय,” दत्तोबा माइकवर म्हणाले. “तो कायम तिकडंच ऱ्हावा, ही माझी सदिच्छा.”

टाळ्या जोरात पडल्या.

सोमवारी सकाळी वासंतीबाईंनी लेकाच्या हातावर दही ठेवलं. “जातो आई,” तो म्हणाला. “येतो म्हणावं,” त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय राहत नसत. गाडी सुटली. लोणावळ्याच्या अलीकडे फोनवर वकिलातीचा निरोप आला: अर्ज अधिक तपासणीसाठी रोखून ठेवला आहे, कळवल्याशिवाय येऊ नये.

“सायेब, चहा घ्यायचा की वळवायची?” ड्रायव्हरने विचारलं.

दोन्ही झालं.

गेटवर वॉचमन सयाजीने दोन्ही बॅगा डिकीतून उतरवल्या. सकाळी त्यानेच चढवल्या होत्या. “काय इसरलं का, दादा?”

“हो,” निमिष म्हणाला. “थोडंसं.”

वासंतीबाईंनी दार उघडलं. निघालेला माणूस उंबरठ्यावर परत आला, तर त्याने घटकाभर बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग निघावं, ही त्यांच्या घरची रीत. रुमाल विसरला तरी हीच, पाकीट विसरलं तरी हीच. “बस,” त्या म्हणाल्या. “पाणी पी. मग निघ.” त्यांनी माठातलं पाणी भांड्यात आणून त्याच्यापुढे ठेवलं. निमिषने सवयीने बॅगेच्या कप्प्यातली सीलबंद बाटली काढली आणि तिच्यातलं प्यायला. अमेरिकेहून आलेल्या माणसाने आपल्याकडचं पाणी पिऊ नये, हे त्याला अमेरिकेहून आलेल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. वासंतीबाई भांडं आत घेऊन गेल्या.

तेव्हापासून तो बसलेला होता.

सोसायटीतली माणसं वाईट नव्हती. त्यांचं त्याच्याशी असलेलं काम संपलं होतं, एवढंच. पहिल्या आठवड्यात “अरेरे” म्हणाले, दुसऱ्यात “अजून?” म्हणाले, आणि पुढे लिफ्टमध्ये तो शिरला की मोबाइल काढू लागले. टाळ्या वाजवून पाठवलेला माणूस पुन्हा दिसला, तर आपल्या टाळ्या फुकट गेल्यासारखं वाटत असावं. एकदा जिन्यात दत्तोबा भेटले.

“निमिष, लेका, तू अजून हायेसच व्हय?”

“आहे काका.”

“न्हाई, ऱ्हा की. तुजंच घर हाय. पर मानसाला इचारावं लागतं.”

निमिष मग दुपारी दोननंतर बाहेर पडू लागला. त्या वेळी सोसायटी झोपलेली असते आणि लिफ्टही रिकामी मिळते. तो वाघजाई चौकापर्यंत जायचा, काही नको असताना पेरू विकत घ्यायचा आणि परत यायचा. पेरूवाली रोज त्याला “नवीन आलात का इकडं?” विचारायची. तो रोज “हो” म्हणायचा.

कंपनीने आधी त्याची अडचण समजून घेतली आणि मग स्वतःची समजावून सांगितली. मार्चपासून तो बिनपगारी रजेवर होता. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं तो स्वतःला म्हणे. त्याची धास्ती वेगळीच होती. ती रोज सकाळी साडेसहा वाजता फोनच्या पडद्यावर दिसायची.

तिकडे तेव्हा आदल्या दिवशीची रात्र सुरू झालेली असे, इराच्या झोपेआधीची वेळ. जानेवारीत इरा रडायची. फेब्रुवारीत तिने पडलेला दात दाखवला. नंतर दातांची पडझड वाढली आणि दाखवणं कमी झालं. मार्चअखेर ती “बाबा, एक मिनिट हं,” म्हणून फोन टेबलावर उताणा ठेवून पळून जाऊ लागली. मग निमिष पिंपळे गुरवच्या गॅलरीत बसून आपल्या कोलंबसच्या घराचं छत बघत राहायचा. छताला पंखा होता. तो त्यानेच बसवला होता, जरा तिरका. लांबून, खालून इरा कोणाशी तरी बोलत हसल्याचा आवाज यायचा. मग अनुया फोन उचलायची.

“कचऱ्याचे मोठे डबे कोण बाहेर नेतं गं?” एकदा त्याने विचारलं.

“मी नि इरा. चाकं असतात रे त्यांना.” मग ती म्हणाली, “जमतं आता आम्हाला.”

तिने हे त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

मुलगा दिवसभर घरात बसलेला दिसू नये म्हणून वासंतीबाईंनी त्याला चाकणला धनेशकडे पाठवायला सुरुवात केली. धनेश हा मावसभाऊ. मोटारींचे ब्रॅकेट बनवणारा त्याचा छोटा कारखाना आहे. धनेशने त्याला एसी केबिनमध्ये बसवलं, आल्यागेल्याला “आमचे अमेरिकेचे बंधू” अशी ओळख करून दिली आणि कामाला निघून गेला. चौथ्या दिवशी एसी बंद पडला, तेव्हा निमिष बाहेर येऊन प्रेस मशीनजवळच्या स्टुलावर बसला. तिथे परळीकडचा गणराज जेवणाचा डबा उघडत होता.

“सायेब, गाव कुठलं?”

“तसं इथलंच. राहतो कोलंबसला.”

“ते कुनीकडं आलं? एसटी जाती का?”

“नाही. विमान. पण व्हिसा आल्याशिवाय जाता येत नाही. बायको, पोरगी तिकडं आहेत.”

गणराजने भाकरीचा तुकडा मोडला. “म्हंजे सोताच्या घरी जायला परवानगी लागती?”

“लागते.”

“आमाला बी लागती. सुपरवायजरची.” त्याने ठेच्याची पुडी पुढे केली. “घ्या. तुमचा सुपरवायजर लई लांब हाय, राव.”

त्या दुपारी ठेचा खाऊन निमिष घरी आला तेव्हा त्याच्या बाटल्या संपल्या होत्या. पाण्याचा जारही आला नव्हता. सोसायटीत नळाला दिवसाआड पाणी येतं आणि तो न येण्याचा दिवस होता. त्याने निमूटपणे माठातलं भांडंभर पाणी घेतलं आणि उभ्याने संपवलं. वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“बसून प्यायचं,” त्या म्हणाल्या. “आण इकडे.” त्यांनी पुन्हा भांडं भरलं. तो बसला, प्यायला. “आता झालं.”

“काय झालं?”

“त्या दिवशी तू घरचं पाणी प्यायलाच नाहीस. बाटलीतलं प्यायलास. मग कसा निघशील?”

निमिष हसायला लागला. मग चार महिने ही बाई हे मनात धरून त्याला रोज दोन भाज्या करून वाढत होती, हे लक्षात येऊन थांबला.

“आई, तू शाळेत विज्ञान शिकवायचीस.”

“हो, चाळीस वर्षं.” त्यांनी भांडं विसळलं. “पण प्यायला असतास तर काय बिघडलं असतं?”

“पोट.”

“तेवढंच ना?”

पोट बिघडलं नाही. व्हिसाही आला नाही. एप्रिल गेला, मे गेला. “पाणी लागायला वेळ लागतो,” वासंतीबाई म्हणायच्या. जूनमध्ये निरोप आला: पासपोर्ट घेऊन जावा. वासंतीबाईंनी चारही मजल्यांवर सांगितलं. कशामुळे, तेही सांगितलं.

दत्तोबा स्वतः वर आले. “चांगलं झालं, लेका. पर निरोप एकदा झालाय बग. परत करता येनार न्हाई, पायंडा पडतो.”

“नको काका, खरंच नको.”

“ती शाल तेवढी दे. डॉक्टरच्या पोराचा सत्कार हाय ऐतवारी.”

शालीची घडीच मोडलेली नव्हती.

पासपोर्ट घेऊन निमिष मुंबईहून परतला, तिकीट काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता फोन लावला. इरा पडद्यावर आली. पुढचे दोन दात नव्याने अर्धे उगवले होते. त्याने ते पहिल्यांदाच पाहिले.

“इरू, मी येतोय. शनिवारी.”

“येस!” इरा ओरडली. तिने उड्या मारल्या, खऱ्याखुऱ्या. मग थांबून, पाहुण्याला विचारावं तसं शहाण्यासारखं विचारलं, “बाबा, किती दिवसांसाठी?”

“अगं, असं काय विचारतेस?” मागून अनुया हसत म्हणाली. मग तीही उत्तरासाठी पडद्याजवळ आली, कारण तिलाही ते माहीत नव्हतं.

निमिषने पासपोर्ट उघडून पान शोधलं. व्हिसाची मुदत कंपनीने त्याच्या नोकरीसाठी आधी काढलेल्या मंजुरीइतकीच मिळते. वाट पाहण्यात गेलेले महिने त्यातच धरलेले होते.

व्हिसा सोळा ऑक्टोबरपर्यंतचा होता.