साठ टाक्यांची कंबर

टेबलावर क्रोशानं विणलेली एकच वस्तू पाहून चिन्मयीचा चेहरा उतरला. एम.एस्सी.च्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा आजच साडेबाराला होती. अहवालात तिनं दोन नमुने लिहून दिले होते, आणि नागपूरहून येणाऱ्या परीक्षकांनी तिलवाऱ्याचा पूल ओलांडल्याचा निरोपही आला होता. दहा दिवसांपूर्वी इथं घमापुरातल्या घरी येऊन दोन्ही नमुन्यांचे कागद तिनं शैलजाकाकूच्या हातात दिले होते.

“दुसरा कुठाय, काकू?”

“हाच,” शैलजा म्हणाली आणि चहा गाळत राहिली.

गणित शैलजाला दहावीनंतर भेटलं नव्हतं, पण क्रोशाची सुई तीस वर्षं हातात होती. जबलपुरातल्या कितीतरी मराठी लग्नांचं रुखवत तिच्या हाताखालून गेलेलं. कागदावरच्या नमुन्यावर तिचा काडीचा भरवसा नसे. सुई उचलण्याआधी ती टाक्यांचे आकडे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढी.

चिन्मयीनं समजावलं होतं सगळं. तारेच्या दोन कड्या साबणाच्या पाण्यात बुडवून अलगद वर काढल्या की मधे पडदा धरतो. तो भारी काटकसरी, कमीत कमी पसाऱ्यात भागवतो. पहिला नमुना त्याचा: डमरूसारखा, कंबरेत बारीक. दुसरा, सरळ दांड्याभोवती फिरत चढणारा गोल जिना, तोही साबणाचाच. आणि दोन्ही निघतात एकाच वक्रातून. तो वक्र आपल्या जगात मावत नाही, कारण त्याच्या आकड्यांना एक वास्तव भाग असतो आणि एक काल्पनिक. वास्तव भाग घ्या, डमरू मिळतो. काल्पनिक घ्या, जिना. काल्पनिकाला सूत किती लागेल, एवढंच काकूनं विचारलं होतं.

मग शैलजानं कागद शेजारी शेजारी ठेवले, तर मधल्या साखळीचे टाके इकडेही साठ, तिकडेही साठ. पाचव्या ओळीत सत्त्याऐंशी, दोन्हीकडे. दहाव्या ओळीत एकशे एकोणचाळीस, दोन्हीकडे. पोरीनं एकच तक्ता दोनदा उतरवला असं वाटून तिनं फोन केला. दोन्ही वेगवेगळ्या सूत्रांनी काढलेत, लिहिलंय तसं विण, असं सांगून चिन्मयीनं घाईत फोन ठेवला. फरक होता फक्त शेवटच्या सूचनेत. एकात ‘कडा जोडा’, दुसऱ्यात ‘जोडू नका, मधली साखळी सरळ ठेवा’. तेवढ्यासाठी दोन हजार टाके दोनदा घालायचे? शैलजानं कडांना झबल्याला लावतात तशी बटणं लावली.

“एकाची कंबर गोल, दुसऱ्याचा दांडा सरळ. एकच कसा असेल?” चिन्मयीचा आवाज चढला. “परीक्षक म्हणतील काम चुकवलं. गेले माझे मार्क.”

“काहून जातील? धर हे.”

शैलजानं बटणं सोडली, कंबरेच्या साखळीत विणायची लांब सळई ओवली आणि हातानं थोडं वळण दिलं. साखळी सळईवर सरळ झाली, आणि दोन्हीकडची वीण तिच्याभोवती एक फेरी घेऊन जिना होऊन बसली. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही.

वक्र वास्तवाकडून काल्पनिकाकडे फिरवला तरी लांबी बदलत नाही, हे अहवालाच्या एकतिसाव्या पानावर चिन्मयीनंच सिद्ध केलं होतं. पाठही होतं. त्याचा अर्थ एकच कापड, हे आत्ता कळत होतं.

“म्हणजे अहवालात मीच चुकीचं लिहिलं. नमुने दोन नाहीतच.”

“मग तसंच सांग त्यांना. चलो, उशीर होऊन राहिला.”

कॉलेजात आलेले परीक्षक देवदत्त सर कमी बोलणारे होते. त्यांनी शैलजाला मागच्या खुर्चीवर बसू दिलं आणि दुसऱ्या नमुन्याचं विचारलं. दोन लिहिणं ही आपली चूक, असं चिन्मयीनं न अडखळता सांगितलं आणि बटणं सोडून जिना करून दाखवला. सरांनी तो हातात घेऊन ओढून पाहिला. सूत ताणतं, ते म्हणाले. ताणून तर काहीही कशातही बसेल. लांबी बदलली नाही हे कशावरून मानायचं?

चिन्मयीनं मागे पाहिलं.

“उभी-आडवी जरीची तार ओवली आहे, सरजी,” शैलजा बसल्या जागेवरून म्हणाली. “सूत ताणतं. तार ताणत नाही, तुटते. मला पोरीचे आकडे तपासून घ्यायचे होते.”

सरांनी चष्मा लावला. स्वतः बटणं लावली, सोडली, पुन्हा लावली. प्रत्येक वेळी खिडकीच्या उजेडात धरून जरीवरून बोट फिरवलं. एकही धागा तुटला नव्हता. मग अहवाल पुढे सरकवून त्यांनी चिन्मयीला ‘दोन’ खोडून ‘एक’ लिहायला आणि शेजारी सही करायला सांगितलं.

“आता सावकाश सोड,” ते म्हणाले. “मधले आकारही बघू दे.”

चिन्मयीनं सगळ्यात वरचं बटण धरलं.

“कंबरेपासून सोड गं, आधी तीच सरळ व्हायची,” शैलजा म्हणाली. सरांनी खुर्ची पुढे ओढली होती.