तेरावा हार

दादर स्टेशनबाहेरच्या शामराव फुलवाल्यांचा शब्द ठरलेला होता: सकाळी सांगा, संध्याकाळच्या आत फुलं घरपोच. तो शब्द पाळायचा कांताच्या पायांनी. चार वर्षं ती त्यांच्या दुकानात हार ओवत होती आणि ओवलेले हार टोपलीत घालून पार गिरगावापर्यंत नेत होती. बारशाचे, साखरपुड्याचे, तिरडीचेही. कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला उंबऱ्यावरूनच कळे. आत जायची वेळ सहसा येत नसे.

साठ सालचा एप्रिल संपत आला होता. महाराष्ट्राचं राज्य यायला चार दिवस उरले होते. गिरगावातले चिंतामणी मास्तर सकाळीच दुकानात आले. त्यांच्या वाडीत त्याच दिवशी पाच वाजता सत्कार होता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबारात ज्यांची माणसं गेली, त्या बारा घरांचा. बारा हार हवे होते, गुलछडीचे, मध्ये लाल गुलाब घालून. शामराव होईल म्हणाले.

कांताची सुई थांबली. तिचा नवरा रामदास गिरणीत होता. छप्पनच्या जानेवारीत पाळी संपवून लालबागच्या नाक्यावरून परळला घरी येताना त्याच्या मांडीत गोळी शिरली. मोर्चात तो नव्हता. त्याला घर गाठायचं होतं. पाय बरा झालाच नाही. दहा महिने तो खाटेवर पडून होता. जखम वरून भरायची, आतून पुन्हा चिघळायची. दिवाळीच्या सुमारास तो गेला, आणि दाखल्यावर कुणीतरी लिहिलं, ताप. तेव्हापासून दाखला दुरुस्त करावा म्हणून कांतानं दोनदा अर्ज केले होते. उत्तर आलं नव्हतं.

दुपारपर्यंत बारा हार झाले. उरलेल्या फुलांतून तिनं आणखी एक ओवला. गुलाब संपले होते, म्हणून नुसत्या गुलछडीचा. शामरावांनी पाहिलं आणि ते पानं पुसत राहिले.

टोपलीवर ओलं फडकं टाकून ती ट्रामनं निघाली. लालबागचा नाका आला तेव्हा तिनं टोपली मांडीवर घट्ट धरली. मास्तरांना काय म्हणायचं ते ती मनात जुळवत होती. मास्तर शिकलेले, पापभीरू. ऐकून घेतील, असं तिला वाटत होतं.

त्यांनी ऐकून घेतलंही. वाडीच्या चौकात खुर्च्या मांडल्या जात होत्या. तिथंच उभ्याउभ्या तिनं सगळं सांगितलं. मास्तरांनी खिशातून यादी काढली, चष्मा लावून पुन्हा वाचली, जणू चुकून एखादं नाव नजरेतून सुटलं असेल.

"कांताबाई, यादी समितीनं केलीय. जे त्या दिवशी पडले, त्यांची."

"गोळी त्याच दिवशी लागलेली, मास्तर. मरायला तेवढा उशीर केला त्यांनी."

मास्तरांनी यादीची घडी घातली. "कागदावर ताप आहे, बाई. मी काय करू?"

त्यांच्या आवाजात कठोरपणा असता तर तिला भांडता आलं असतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पेढा दिला. रिकामी टोपली परत न्यायची होती, म्हणून ती मागच्या भिंतीशी बसून राहिली.

सत्कार सुरू झाला. एकेक नाव पुकारलं जाई आणि एकेक बाई पदर सावरत पुढे येई. राधाबाई नावाच्या म्हातारीला व्यासपीठाची पायरी चढवेना. तिचा मुलगा गेला होता. हार गळ्यात पडल्यावर ती तशीच उभी राहिली. कुणीतरी दंडाला धरून तिला खाली आणलं, ती कांताशेजारी येऊन टेकली.

"तुझं कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

"नवरा."

"मग तुला नाही बोलावलं?"

कांतानं हातातला पेढा तिच्या हातावर ठेवला.

बारा घरं झाली. तेवढ्यात बोलावणं नसलेले एक बडे पाहुणे आले आणि व्यासपीठावर धांदल उडाली. वसंता नावाचा कार्यकर्ता धावत मागे आला. टोपलीतलं फडकं त्यानं उचललं.

"एक आहे की," तो म्हणाला.

"तो..." कांता म्हणाली आणि थांबली. काय सांगणार होती? हार त्याच्या हातात होता, व्यासपीठावरून मास्तर बघत होते. तो हार कुणासाठी होता ते त्यांना कळलं, हे तिला दिसलं. त्यांनी मान खाली घातली. पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांनी तो लगेच काढून टेबलावर ठेवला.

ती दिवेलागणीला परळला पोचली. सासू सुंदराबाई तांदूळ निवडत बसली होती. दोन्ही अर्ज तिनंच कुणाकडून तरी लिहून घेतले होते, आणि टपालवाला चाळीत आला की अजूनही ती दारात उभी राही.

कांतानं काहीच लपवलं नाही. सुंदराबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"पुन्हा एक अर्ज केला तर?" ती म्हणाली.

"नको, आत्याबाई. मास्तर वाईट नाहीत. आणि तेसुद्धा नाही म्हणतात."

सुंदराबाई तांदळात बोटं फिरवत राहिली. मग ती म्हणाली, "शेवटी शेवटी पायाच्या दुखण्यानं फार ओरडायचा. शेजारच्यांनी ऐकलंय सगळं. त्यांना विचारा म्हणावं."

कोणाला म्हणावं, ते तिनं सांगितलं नाही. कांतानं तिच्या हातातलं सूप घेतलं आणि भात टाकला.