कुणी जागचं हलायचं नाही

आपला संघ पुढे असला किंवा मुसंडी मारत असला, की ज्यानं त्यानं बसल्या जागी बसून राहायचं, हा सेंट क्लेअर रस्त्यावरच्या घराघरांतला नियम होता. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघानं अजिंक्यपद शेवटचं जिंकलं ते अठ्ठेचाळीस साली. तेव्हा तोने सोळा वर्षांचा होता आणि रेडिओपाशी अखेरपर्यंत एका पायावर उभा होता, असं तो स्वतःच सांगे. आता चौऱ्याऐंशीचा झाला, तरी त्याच्याइतका कडक नियम कुणी पाळत नसे.

अंतिम मालिकेचा सातवा, निकालाचा सामना होता. तोने नेहमीप्रमाणे बहिणीच्या नवऱ्याकडे, लुदविककडे आला होता. दोघांच्या मध्ये तोनेच्या बहिणीची, विदाची खुर्ची होती, पाठीवर तिची तांबडी शाल. एकोणीस वर्षं तिच्यात कुणी बसलं नव्हतं.

विदा गेली सत्त्याण्णव साली, अशाच सातव्या सामन्याच्या रात्री. संघ एका धावेनं पुढे होता, आणखी दोन गडी बाद केले की जिंकला असता, तिथून बरोबरी झाली आणि जादाच्या अकराव्या डावात हरला. "हार सोसली नाही बिचारीला," असं लोक चर्चच्या पायऱ्यांवर सांगत, जरा अभिमानानंच. लुदविकनं ते कधी खोडून काढलं नाही.

त्या रात्री नवव्या डावात विदा म्हणाली होती, "अहो, डावा हात भरून आलाय. छातीत दाटतंय. डॉक्टरला फोन करता का?"

फोन स्वयंपाकघरात होता. आणि सामन्याआधीच तोनेनं त्याच्या घरून फोन करून बजावलं होतं, पुढे असलो तर कुणी जागचं हलायचं नाही.

"दोनच गडी राहिलेत, विदा. जरा दम धर."

ती हसली होती आणि तिनं दम धरला होता.

जिंकलो त्या दिवशी तोनेला सांगून टाकीन, असं लुदविकनं स्वतःला वचन दिलं होतं. तेव्हापासून दर हारीला गाव हळहळे आणि लुदविकला शांत झोप लागे. सकाळी आरशात बघायची त्याला लाज वाटे.

आज आठव्या डावात संघानं पिछाडी भरून काढून बरोबरी साधली. खालच्या मजल्यावरचे लोक किंचाळले. लुदविक खुर्चीत चुळबुळला.

"हलायचं नाही!" तोने ओरडला. "श्वाससुद्धा हळू घे."

"मला लागलीये रे."

"मग धर, म्हाताऱ्या! आम्ही अठ्ठेचाळीसपासून धरून बसलोय." मग तो शालीकडे वळला. त्याचा आवाज मऊ झाला. "विदे, तूही हलू नकोस गं."

लुदविक उठला. गुडघे वाजले. त्यानं शाल काढली, नीट घडी घालून टेबलावर ठेवली आणि तो विदाच्या खुर्चीत बसला.

"डोकं फिरलं का तुझं? आत्ता? या घडीला?"

पाऊस आला, खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. दहाव्या डावात संघ एका धावेनं हरला.

तोनेनं डोळे पुसले. "तू उठलास. इतकी वर्षं थांबलो, आणि तू उठलास. का?"

"कारण तेव्हा उठलो नाही." लुदविक म्हणाला. "विदानं डॉक्टर बोलवायला सांगितलं होतं, तोने. मीच तिला थांबवलं."

तोनेनं टीव्ही बंद केला.

"कितवा डाव?"

"नववा."

"किती बाद होते?"

"एक."

"आणि तू फोन कधी केलास?"

"अकरावा संपल्यावर. तोवर ती बोलायची थांबली होती."

"हलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं," तोने म्हणाला.

"सांगितलंस तू. पण खुर्ची मी सोडली नाही."

तोनेनं टोपी घातली. लुदविकनं त्याच्यासाठी कापून ठेवलेली पोतीत्सा, अक्रोड भरलेला गोड पाव, तशीच बशीत राहिली. दर वर्षी दारातून वळून तो "पुढच्या वर्षी" म्हणे. आज दार ओढलं गेलं तेवढंच.

लुदविक त्याची गाडी सुरू होण्याची वाट बघत बसला. खाली रस्त्यावर पाऊस पडत होता. बराच वेळ गेला, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मग त्यानं खुर्चीचे हात धरले आणि खाली जायला तो पुन्हा उठला.