बेकरीवाल्याचं पथ्य

बेकरीवाल्याला मधुमेह निघाला, तशी बायकोने त्याचा पाव, बटाटा, साखर सगळं बंद केलं. "पावाच्या राशीत बसून पालेभाजी चघळतोय, गिऱ्हाईक काय म्हणेल गं?" तो चिडवायचा. मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तितक्याच चालू होत्या. खाणं घटलं तर गोळ्याही कमी करायच्या का, हे डॉक्टरांना विचारावं, असं दोघांनाही सुचलं नाही.

आज भट्टीपुढे त्याला दरदरून घाम फुटला आणि तो मटकन खाली बसला. "साखर उतरली वाटतं," तो पुटपुटला.

बायको धावत आली. ज्या पोत्यापाशी ती त्याला फिरकू देत नव्हती, त्यातलीच मूठभर साखर तिने पाण्यात कालवून त्याला पाजली.

थोड्या वेळाने तो हसला. "तुझ्या हातचं गोड मिळालं एकदाचं!"

"थट्टा पुरे. चला, आधी दवाखाना." भट्टीत पाव करपत होते, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.